महाकपींच्या दिवसाचा हिशोब: ते कुठे राहू शकतात आणि कुठे नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नकाशावर हिरवा रंग दिसला की तिथे चिंपँझी किंवा गोरिला राहू शकतील असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात काही ठिकाणी घनदाट जंगल असूनही ते तिथे नसतात, आणि सेनेगलच्या तापलेल्या माळरानावर मात्र असतात. याची कारणं अनेक आहेत. त्यातल्या एका कारणाबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, ते म्हणजे वेळ. त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

महाकपी म्हणजे नेमके कोण?

गोरिला, चिंपँझी, बोनोबो आणि ओरँगउटान. गोरिलांच्या दोन जाती आहेत, ओरँगउटानांच्या तीन. त्यातली सुमात्रातली तापानुली ओरँगउटान ही जात २०१७ साली वेगळी म्हणून नोंदली गेली. जीवशास्त्राच्या वर्गीकरणात माणूसही याच कुळातला. आसामच्या जंगलातला हुलॉक गिबन हाही कपीच, पण तो लहान कपींमध्ये मोडतो. आपल्या सह्याद्रीत दिसणारी वानरं आणि माकडं मात्र कपी नाहीत, त्यांची शाखा फार पूर्वीच वेगळी झाली.

वेळेचा आणि राहण्याच्या जागेचा काय संबंध?

महाकपीच्या दिवसात चार कामं असतात: खाणं, एका खाद्याकडून दुसऱ्याकडे जाणं, विसावा घेणं आणि आपल्या गोतावळ्यात वेळ घालवणं. महिन्याचा पगार संपला तर उसनवारी करता येते, दिवस संपला की तो संपतोच. त्यामुळे एका कामाला जास्त वेळ लागला की तो दुसऱ्या कामातून काढावा लागतो.

ठिकाण बदललं की प्रत्येक कामाला लागणारा वेळही बदलतो. फळझाडं विरळ असतील तर चालणं वाढतं. पाला जून आणि चिवट असेल तर खाणंही वाढतं आणि पचवण्यासाठी बसून राहणंही. उन्हाचा कडाका असेल तर दुपार सावलीतच जाते. या सगळ्यात पहिली कात्री लागते ती एकमेकांसाठीच्या वेळेला. वरवर पाहता ते काम टाळता येण्यासारखं वाटतं, पण एकमेकांच्या अंगावरचे केस साफ करत बसणं हाच या प्राण्यांच्या नात्यांचा आधार असतो. भांडण मिटवणं, संकटात कोणाची साथ मिळणार हे ठरणं, पिल्लांचं शिकणं, सगळं याच वेळात होतं. तो वेळ मिळाला नाही तर गट मोठा राहत नाही, आणि गट फारच लहान झाला तर तो टिकत नाही. म्हणजे एखाद्या ठिकाणी पोट भरण्याइतकं अन्न असूनही, ते मिळवून झाल्यावर पुरेसा दिवस उरत नसेल, तर त्या ठिकाणी महाकपी वस्ती करू शकत नाहीत.

ही मांडणी ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांनी १९९०च्या दशकात आधी बबून माकडांसाठी केली. पुढे ज्युलिया लेमन आणि अमांडा कोर्स्टयेन्स यांच्यासोबत त्यांनी ती कपींना लावून पाहिली.

दिवस अपुरा पडला तर रात्री का खात नाहीत?

महाकपींचे डोळे आपल्यासारखेच, दिवसासाठी बनलेले. अंधारात उंच फांद्यांवरून वावरणं धोक्याचं असतं आणि आफ्रिकेत बिबट्याची भीती असते. संध्याकाळ झाली की प्रत्येक प्रौढ प्राणी फांद्या वाकवून आपलं घरटं बांधतो आणि सकाळपर्यंत तिथेच राहतो. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस जवळपास १२ तासांचा असतो. तेवढंच त्यांचं भांडवल.

अपवाद आहेत. युगांडातल्या किबाले जंगलाच्या सेबिटोली भागातले चिंपँझी रात्रीच्या अंधारात शेजारच्या मक्याच्या शेतांत शिरतात, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दिवसा शेतात राखण असते, म्हणून त्यांनी वेळच बदलली.

आज सगळे रानटी महाकपी विषुववृत्तापासून साधारण १५ अंशांच्या आतच आहेत. मुंबई १९ अंशांवर आहे. जसजसं विषुववृत्तापासून लांब जावं तसतसा ऋतूंमधला फरक वाढतो, फळं ठरावीक महिन्यांपुरतीच मिळतात आणि नेमके त्या पडत्या काळातले दिवसही लहान होत जातात.

गोरिला दिवसाचा मोठा भाग नुसता बसून असतो. तो वेळ खाण्यात का घालवत नाही?

कारण ते बसणं सक्तीचं आहे. पाल्यातला चोथा गोरिलाला स्वतःला पचत नाही. त्याच्या लांबरुंद मोठ्या आतड्यातले जीवाणू तो आंबवून देतात आणि त्या प्रक्रियेला वेळ लागतो. आतडं भरलेलं असताना आणखी खाऊन उपयोग नसतो. दुसरं कारण उष्णता. नर गोरिलाचं वजन दीडशे किलोंच्या पुढे जातं. एवढ्या देहाने भर दुपारी हालचाल केली तर शरीर तापतं, म्हणून सावलीत थांबावंच लागतं.

या सक्तीच्या विश्रांतीला मी फार महत्त्व देतो. खाणं आणि चालणं सहज डोळ्यांत भरतं, पण कित्येक ठिकाणी गणित बिघडतं ते विश्रांतीमुळे. तापमान वाढलं किंवा पाला निकृष्ट झाला की बसण्याचा वेळ वाढतो, आणि तो कमी करणं प्राण्याच्या हातात नसतं.

डोंगरी गोरिला एवढ्या उंचावर आणि थंडीत का राहतात?

रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरच्या विरुंगा ज्वालामुखींच्या उतारांवर गोरिला ३,००० मीटरच्याही वर आढळतात. डायन फॉसी यांनी १९६७ साली तिथे करिसोके हे संशोधन केंद्र उभारलं, त्यामुळे या गोरिलांच्या दिवसाचा तपशील आपल्याला चांगला माहीत आहे. दिवसाचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग खाण्यात, सुमारे एकतृतीयांश विश्रांतीत आणि चालण्यात एकदशांशाहूनही कमी.

एवढं कमी चालून भागतं, कारण अन्न पायाशीच असतं. रानटी सेलरी, काटेरी झुडपं, वेली, हंगामात बांबूचे कोंब. एका जागी बसून हात पोचेल तिथलं खायचं आणि थोडं पुढे सरकायचं. दिवसभरात बहुतेक वेळा अर्धा ते एक किलोमीटर. चालण्यातून वाचलेला वेळ पाला पचवण्यासाठी मिळतो, आणि शिवाय गट एकत्र राहू शकतो. खालच्या जंगलातले पश्चिमेकडचे गोरिला फळं जास्त खातात, त्यामुळे त्यांना रोज याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त अंतर चालावं लागतं.

याचा अर्थ ते कुठल्याही डोंगरावर राहतील असा नाही. डोंगरी गोरिला जगात दोनच ठिकाणी उरले आहेत. विरुंगामध्ये ६०४ आणि युगांडातल्या बविंडी जंगलाच्या भागात ४५९, असे अलीकडच्या गणनांनुसार मिळून १,०६३. भोवतालच्या शेतीने त्यांना डोंगरावरच कोंडलं आहे, हेही त्या उंचीमागचं एक कारण आहे.

चिंपँझी मग गोरिलांसारखे एकत्र का फिरत नाहीत?

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म या प्रश्नात आहे.

चिंपँझींना पिकलेली फळं लागतात. फळाने लगडलेलं झाड हे मोठं घबाड असतं, पण ते एकच असतं, आणि पुढचं झाड बरंच लांब असू शकतं. समजा पन्नास जणांनी मिळून फिरायचं ठरवलं. झाड पाहता पाहता रिकामं होईल, प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येईल, आणि दिवसातून कितीतरी झाडं गाठावी लागतील. चालण्यातच दिवस संपेल.

चिंपँझींनी यावर काढलेला तोडगा असा: समाज एकच, पण तो सकाळी लहान-लहान टोळ्यांत विभागला जातो. आज तिघं, उद्या दहा जण. बहर जोरात असला की टोळ्या मोठ्या होतात, फळं आटली की लहान होतात. पिल्लं सांभाळणाऱ्या माद्या तर बऱ्याचदा एकट्याच आपल्या पिल्लांसह चरतात. दूरवरून एकमेकांना साद घालणं चालू असतं, त्यामुळे ओळख आणि नातं तुटत नाही. लेमन, कोर्स्टयेन्स आणि डनबर यांच्या गणितातून हेच पुढे आलं: चिंपँझी अख्ख्या समाजानिशी एकत्र फिरले असते, तर आज ते राहतात त्यातल्या पुष्कळ ठिकाणी त्यांना राहताच आलं नसतं.

अन्न मुबलक असेल तर समाज किती वाढू शकतो याचं उदाहरण म्हणजे किबाले जंगलातला न्गोगो समाज. दीडशेहून अधिक चिंपँझी सुमारे ३५ चौरस किलोमीटरमध्ये राहिले.

सेनेगलच्या उघड्या सवानात चिंपँझी कसे तग धरतात?

मोठी किंमत मोजून. आग्नेय सेनेगलमधल्या फोंगोली इथे जिल प्रूट्झ २००१ पासून चिंपँझींचा अभ्यास करत आहेत. तिथे वर्षातले सात महिने कोरडे असतात आणि पारा ४० अंशांच्या वर जातो. जंगल म्हणावं असं फक्त ओढ्यांच्या काठाने.

न्गोगोचा आकडा लक्षात ठेवा आणि फोंगोलीचा पाहा: जेमतेम तीसेक चिंपँझी आणि त्यांचा वावर सुमारे १०० चौरस किलोमीटरमध्ये. म्हणजे डोक्यामागे कितीतरी पट जास्त जमीन, आणि तीही पायी तुडवायची.

त्यातून त्यांनी दिवसाची मांडणी बदलली. कडक उन्हात ते गुहांमध्ये जाऊन बसतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला डबक्यांत अंग बुडवून बसतात, खरं तर चिंपँझी एरवी पाण्याला बिचकतात. चांदण्या रात्री ते जागे राहून वावरताना आढळले आहेत. काठीचं टोक दातांनी तासून झाडाच्या ढोलीत झोपलेल्या बुशबेबी या लहान प्राण्याची शिकार ते करतात, हे २००७ साली जगासमोर आलं. यातली प्रत्येक गोष्ट उन्हाने हिरावलेले तास भरून काढायला मदत करते, असं मी त्याकडे पाहतो.

फोंगोली पाहून काही जण म्हणतात, चिंपँझी कुठेही जमवून घेतील. मला हा निष्कर्ष धोकादायक वाटतो. फोंगोली ही शेवटची पायरी आहे. तिथून आणखी उत्तरेला, जिथे याहून कमी झाडं आणि याहून जास्त ऊन आहे, तिथे चिंपँझी नाहीत.

ओरँगउटान एकटाच का राहतो? त्याला सोबत नको असते का?

सोबत परवडत नाही, असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल.

बोर्निओच्या जंगलांत फळांचा बहर बेभरवशाचा असतो. काही वर्षांतून एकदा असंख्य झाडं एकाच वेळी फळतात आणि मध्ये लांबलचक ओढगस्त असते. शेरिल नॉट यांनी गुनुंग पालुंग इथे ओरँगउटानांची लघवी तपासली, तेव्हा फळं नसलेल्या महिन्यांत त्यांचं शरीर स्वतःची चरबी जाळत असल्याच्या खुणा सापडल्या. अशा दिवसांत ते झाडांच्या साली आणि पाला खाऊन काढतात.

त्यात हा झाडावर राहणारा जगातला सर्वांत जड प्राणी. प्रौढ नर ८० किलोंच्या आसपास. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना त्याला आपला भार पेलतील अशा फांद्या निवडत, झाडं डोलवत सावकाश जावं लागतं. बरेच दिवस त्याची मजल काही शे मीटरच असते. दोघं-तिघं बरोबर असते तर एका झाडावर भागलं नसतं, आणि पुढचं झाड गाठायला पुन्हा तेवढाच वेळ गेला असता.

२०१० साली हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी ओरँगउटान दिवसभरात किती ऊर्जा खर्च करतो हे मोजलं. त्याच्या आकाराच्या सस्तन प्राण्याच्या मानाने तो खर्च फारच कमी निघाला. हळू जगणं ही त्याची रीत आहे. पिल्लंही सात-आठ वर्षांच्या अंतराने होतात.

सुमात्रात चित्र थोडं वेगळं आहे. तिथली माती सुपीक, फळं जास्त नेमाने मिळतात. सुआक बालिंबिंगच्या दलदलीच्या जंगलात ओरँगउटान दाटीने राहतात, एकमेकांसोबत जास्त वेळ काढतात आणि काड्यांची हत्यारंही वापरतात. म्हणजे मिळून-मिसळून राहण्याची क्षमता त्यांच्यात आहेच, फक्त त्यासाठी दिवसात जागा व्हावी लागते.

आणि बोनोबो?

ते फक्त काँगो नदीच्या दक्षिणेला राहतात. तिथे गोरिला नाहीत, त्यामुळे जमिनीवरच्या हिरव्या पालवीसाठी एवढा मोठा स्पर्धक नाही. चालता चालता खाता येतं, टोळ्या चिंपँझींपेक्षा एकसंध राहू शकतात. मात्र त्यांच्या सीमेचं मुख्य कारण नदी आहे, कारण महाकपींना पोहता येत नाही. वेळेच्या हिशोबात बसणारी जागाही मोकळी राहू शकते, कारण तिथे पोचण्याची वाटच नसते.

माकडं आणि वानरं सगळीकडे दिसतात. महाकपींनाच इतके निर्बंध का?

वानराचं पोट अनेक कप्प्यांचं असतं. जून पाला, कच्ची फळं, बिया, असं पुष्कळ काही त्याला चालतं. म्हणून राजस्थानच्या रुक्ष भागापासून कोकणातल्या गावांपर्यंत वानरं दिसतात. माकड गालातल्या पिशव्यांत भराभर खाणं कोंबतं आणि सुरक्षित जागी जाऊन खातं. कच्च्या फळांतली तुरट रसायनं या दोघांनाही चिंपँझीपेक्षा जास्त सोसतात. फळ पिकेपर्यंत थांबावं लागणाऱ्या चिंपँझीला ते झाड आधीच ओरबाडलेलं मिळू शकतं.

शिवाय शरीर लहान, वाढ लवकर आणि पिल्लं कमी अंतराने. आपल्या घाटातल्या माकडांकडे पाहून महाकपींच्या चिवटपणाचा अंदाज बांधू नये.

भारतात कधी महाकपी होते का?

होते. शिवालिकच्या टेकड्यांत शिवापिथेकसचे जीवाश्म सापडले आहेत. साधारण सव्वा कोटी ते ८५ लाख वर्षांपूर्वीचा हा कपी, आणि त्याचा चेहरा ओरँगउटानशी विलक्षण मिळताजुळता. हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगर इथून त्याहून मोठ्या कपीचेही अवशेष मिळाले. त्यानंतरच्या काळात कोरडे महिने वाढले, जंगलं मागे हटली आणि गवताळ प्रदेश पसरला. विखुरलेल्या झाडांमधलं अंतर एका दिवसात पेलेनासं झालं असावं, असं मानायला जागा आहे.

दक्षिण चीनमधल्या जायगँटोपिथेकस या अवाढव्य कपीबद्दल २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच दिशेचा आहे. तो सुमारे २,९५,००० ते २,१५,००० वर्षांपूर्वी नामशेष झाला. ऋतूंमधला फरक वाढला, फळं कमी झाली आणि त्याला खाणं-फिरणं बदलता आलं नाही. त्याच भागातल्या त्या काळच्या ओरँगउटानाने स्वतःला बदललं आणि तो पुढे बराच काळ टिकला.

हे सगळं मोजतात कसं?

पहाटे घरट्याखाली जाऊन उभं राहायचं आणि संध्याकाळी दुसरं घरटं बांधून होईपर्यंत त्या प्राण्यामागे फिरायचं. ठरावीक मिनिटांनी तो काय करतोय याची नोंद करायची. अशा नोंदी वर्षानुवर्षं साठवल्या जातात. मग निरनिराळ्या ठिकाणचं तापमान, पाऊस आणि ऋतूंमधला फरक यांच्याशी त्या ताडून पाहतात. त्यातून एखाद्या ठिकाणी खाणं, चालणं आणि विश्रांती यांना किती वेळ लागेल आणि उरलेल्या वेळात किती मोठा गट टिकेल हे काढता येतं. उत्तर खरं आहे का, हे पाहण्यासाठी ते प्राणी आज कुठे आहेत आणि कुठे नाहीत याच्याशी ते जुळवतात.

हवामान बदलाने काय होईल?

हे प्राणी लगेच उपाशी मरणार नाहीत. त्यांचा दिवस आधी आक्रसेल, आणि म्हणूनच हे संकट लवकर दिसत नाही.

गॅबनमधल्या लोपे राष्ट्रीय उद्यानात १९८६ पासून झाडांची नोंद ठेवली जाते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथलं फळांचं प्रमाण तीन दशकांत सुमारे ८१ टक्क्यांनी घटलं. पूर्वी दहा झाडं पाहिली तर एकावर पिकलं फळ मिळायचं, आता पन्नासहून जास्त पाहावी लागतात. त्या अभ्यासात हत्तींची प्रकृती खालावल्याचं दिसलं. पण त्याच जंगलात गोरिला आणि चिंपँझीही राहतात. दहा झाडांऐवजी पन्नास, हा त्यांच्यासाठी थेट चालण्याचा वेळ आहे. किबालेमधल्या पाल्यात गेल्या काही दशकांत चोथा वाढला आणि प्रथिनं घटली, हेही नोंदलं गेलं आहे. म्हणजे चघळणं वाढलं आणि विसावाही. वर तापमान वाढलं की दुपारी सावलीत बसून राहणं आणखी लांबतं. या सगळ्या गोष्टी एकाच १२ तासांतून वजा होतात, आणि हे मला फार अस्वस्थ करतं.

जंगल थोडंसंच तुटलं तर एवढा फरक पडतो का?

पडतो. जंगलाच्या मधून रस्ता किंवा ताडतेलाच्या झाडांची लागवड आली, तर एकूण क्षेत्रफळ थोडंच घटतं, पण वळसा मोठा होतो. बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या सबाह राज्यातल्या किनाबातांगान नदीकाठी ओढ्यांवर दोरांचे पूल बांधले गेले, आणि ओरँगउटान ते वापरू लागले. खर्च लहान, पण अडलेली वाट मोकळी झाली. संवर्धनाच्या योजना आखताना किती हेक्टर जंगल राहिलं यासोबतच एका दिवसात त्यातलं किती गाठता येतं, हेही विचारलं गेलं पाहिजे.

रवांडा-युगांडात गोरिला पाहायला गेल्यावर एकच तास का देतात?

मुख्य कारण आजार. आपली सर्दीसुद्धा त्यांना जिवावर बेतू शकते. शिवाय माणसं समोर असताना त्यांचं खाणं आणि विसावा विस्कटतो. म्हणून एका गटाला दिवसातून एकदा, आठच पर्यटक, एकच तास. महाराष्ट्रातून हल्ली बरेच जण या सफरींना जातात. वाटाड्याने वेळ संपली म्हटलं की जास्तीच्या पाच मिनिटांसाठी घासाघीस करू नका.

माणूस या हिशोबातून कसा सुटला?

बऱ्याच अंशी चुलीमुळे. टांझानियातल्या गोंबे जंगलातले चिंपँझी दिवसाचे सुमारे सहा तास चावण्यातच घालवतात. २०११ सालच्या एका अभ्यासानुसार, आपल्या आकाराच्या कपीला दिवसातला ४८ टक्के वेळ खाण्यात घालवावा लागला असता, आपल्याला ४.७ टक्के पुरतो. शिजवलेलं अन्न मऊ असतं आणि लवकर पचतं. सुझाना हर्कुलानो-हौझेल यांनी २०१२ साली दाखवलं की कच्च्या अन्नावर एवढा मोठा मेंदू पोसायचा तर दिवसाचे तासच अपुरे पडतील.

प्राणिसंग्रहालयात तर अन्न आयतं मिळतं. मग सगळं सोपं नाही का?

तिथे उलटी अडचण होते. चालायचं नाही, शोधायचं नाही, खाणं झटपट संपतं आणि दिवस रिकामा राहतो. त्यातून लठ्ठपणा येतो, स्वतःचे केस उपटण्यासारख्या सवयी लागतात. चांगल्या संग्रहालयांत म्हणून खाणं विखरून आणि लपवून ठेवतात, पालेदार फांद्या अख्ख्या देतात, दिवसातून अनेकदा थोडं-थोडं घालतात. म्हैसूरच्या संग्रहालयात २०२१ साली जर्मनीहून दोन नर गोरिला आले. तिथे किंवा कुठेही गेलात तर शक्य असल्यास एका प्राण्यासमोर सलग तासभर थांबा, आणि तो किती वेळ खातो, किती चालतो, किती बसतो हे मुलांना वहीत लिहायला सांगा. संशोधक जंगलात हेच करतात.